‘शरियतच्या अधीन राहून इंग्लंडचा कायदा’: एका घराच्या करारनाम्याच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले आणि सध्या बर्मिंगहॅममध्ये नोकरी करणारे एक कोकणी मुस्लिम दांपत्य ३,००,००० पौंडांचे घर घेत आहे. व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही, म्हणून त्यांनी इस्लामी पद्धतीने अर्थसाहाय्य देणाऱ्या एका बँकेकडे अर्ज केला. त्यांचे स्वतःचे ७५,००० पौंड आणि बँकेचे २,२५,००० पौंड, घर कागदोपत्री बँकेच्या नावावर, राहणार हे दोघे. बँकेच्या हिश्श्यापोटी दरमहा भाडे द्यायचे आणि तो हिस्सा २५ वर्षांत थोडाथोडा विकत घ्यायचा. मसुद्यात एक कलम आहे की हा करार शरियतच्या तत्त्वांच्या अधीन राहून इंग्लंडच्या कायद्यानुसार चालेल. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. वाद झाला तर या कलमाचा उपयोग होईल का? धर्मनिरपेक्ष न्यायालय या व्यवहाराकडे कर्ज म्हणून पाहील की भागीदारी म्हणून? आणि गावी राहणाऱ्या धाकट्या भावाला हेच महाराष्ट्रात करता येईल का?

मी सॉलिसिटर, म्हणजे इंग्लंडमध्ये दस्त आणि मालमत्तेची कामे पाहणारा वकील आहे आणि गेली वीसहून अधिक वर्षे अशा व्यवहारांचे कागद तयार करणे आणि तपासणे हेच माझे काम आहे. व्यवहार हलाल की हराम हे सांगण्याचा अधिकार मला नाही. ते काम मुफ्तींचे. मी एवढेच सांगू शकतो की मुफ्तींनी जे मान्य केले ते इंग्लंडच्या न्यायाधीशासमोर टिकेल अशा शब्दांत कागदावर उतरले आहे की नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. ते कलम जसे आहे तसे निरुपयोगी आहे. हे माझे मत नसून कोर्ट ऑफ अपीलचा २००४ चा निकाल आहे. बहारीनच्या शमील बँकेने बांगलादेशातल्या बेक्सिमको समूहातील कंपन्यांना मुराबहा पद्धतीने, म्हणजे वस्तू घेऊन नफा चढवून ती उधार विकण्याच्या रूपात, अर्थसाहाय्य दिले होते आणि पुढे ती देणी इजाराच्या, म्हणजे भाडेपट्ट्याच्या, करारांत बदलून घेतली होती. पैसे थकले, बँक लंडनच्या न्यायालयात गेली, आणि तेव्हा ऋणकोंनी बचाव घेतला की हे करार नावापुरतेच विक्रीचे आणि भाड्याचे आहेत, आत व्याजाचे कर्ज दडलेले आहे, सबब शरियतप्रमाणे ते रद्द आहेत. आणि करारातले कलम तर म्हणते की इंग्लंडचा कायदा शरियतच्या अधीन राहून लागू होईल. कलमाचे शब्द जवळजवळ तुमच्या मसुद्यातलेच होते. न्यायमूर्ती पॉटर यांच्या निकालाचा आशय असा होता की एका कराराला एकाच वेळी दोन कायदे लागू होऊ शकत नाहीत. करारास कोणता कायदा लागू होईल हे ठरवणारा १९८० चा रोम करार ‘एखाद्या देशाचा कायदा’ निवडण्याची मुभा देतो आणि शरियत हा कोणत्या एका देशाचा कायदा नव्हे. शिवाय ‘शरियतची तत्त्वे’ एवढे म्हटल्याने नेमका कोणता नियम करारात आला हे कळत नाही, कारण खुद्द धर्मशास्त्राच्या विद्वानांमध्येच त्याबद्दल मतभेद आहेत. त्या शब्दांतून फार तर बँकेची धार्मिक धारणा दिसते, असे न्यायालयाने मानले. ऋणको हरले.

अनेकांना हा निकाल धर्माचा उपमर्द वाटतो. मला तो तसा कधीच वाटला नाही. न्यायाधीशाने आपल्या मर्यादा ओळखल्या, एवढेच. हनफी आणि शाफई या इस्लामी धर्मशास्त्रातल्या दोन परंपरांच्या मतांमध्ये कोणते ग्राह्य, हे लंडनच्या बाकावरून ठरवले जावे अशी इच्छा कोणत्या श्रद्धाळू माणसाची असेल? कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, इथल्या बँकांच्या शरिया मंडळांत (व्यवहार शरियतला धरून आहे का हे तपासणाऱ्या मंडळांत) हनफी विद्वान पुष्कळ, आणि प्रमाण म्हणून वापरली जाणारी मानके बहारीनमध्ये तयार झालेली. ‘शरियतची तत्त्वे’ म्हणजे यांतले नेमके काय, हे ठरवणे तिऱ्हाईत न्यायाधीशावर सोडणे हीच करार लिहिणाऱ्याची चूक असते.

मग करायचे काय? त्याच निकालात वाट दाखवलेली आहे. परका नियम करारात आणायचा असेल तर तो नेमका, ओळखता येईल असा आणावा. मग तो कायदा म्हणून नव्हे तर कराराची अट म्हणून लागू होतो. रोम कराराच्या जागी आलेल्या २००८ च्या नियमावलीच्या प्रस्तावनेतही हे स्पष्ट म्हटले आहे की कोणत्याही राज्याचा नसलेला नियमसंच पक्षकार आपल्या करारात संदर्भाने समाविष्ट करू शकतात. म्हणून आम्ही मसुद्यात शरियत हा शब्दच शक्यतो टाळतो आणि शरियतचा परिणाम साध्या इंग्रजी अटींत लिहितो. भाडे केव्हा थांबेल, दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, उशीर झाला तर काय, हे एकेक वाक्य म्हणून. इस्लामी वित्तव्यवहारांची मानके ठरवणाऱ्या आयोफी या बहारीनस्थित संस्थेची मानके क्रमांकासह उद्धृत करता येतात (इजारासाठी ९ वे, भागीदारीसाठी १२ वे), पण तिथेही कोणत्या आवृत्तीतले कोणते कलम हे सांगावे लागते. आणि शरियतनुसारच निवाडा हवा असेल तर लवादाचा मार्ग मोकळा आहे. १९९६ च्या लवाद अधिनियमाचे ४६ वे कलम पक्षकारांना देशाच्या कायद्याऐवजी त्यांनी मान्य केलेल्या अन्य निकषांवर वाद सोडवून घेण्याची परवानगी देते. लवाद आपल्याच समाजातला असावा ही अटही चालते. २०११ मध्ये इस्माइली पक्षकारांच्या जिवराज विरुद्ध हाशवानी या प्रकरणात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. मात्र घरखरेदीसारख्या ग्राहक व्यवहारात लवादाच्या नादी लागू नये असे मी सांगतो, कारण तिथे तुम्हाला वित्तीय लोकपालाकडे फुकट दाद मागता येते आणि तो मार्ग सोडून देण्यात शहाणपण नाही.

एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण या विषयावरच्या चर्चांत ती सहसा निसटते. गाजलेल्या बहुतेक खटल्यांत शरियतचा मुद्दा पैसे देणे असलेल्या पक्षाने, पैसे थकल्यानंतर काढलेला आहे. बेक्सिमकोचे सांगितलेच. २००९ मध्ये कुवेतच्या इन्व्हेस्टमेंट दार कंपनीने लेबनॉनच्या ब्लॉम बँकेला उलटे उत्तर दिले की आमच्या स्थापनापत्राने आम्हाला शरियतविरोधी व्यवहार करण्यास मनाई आहे आणि तुमच्याशी केलेला वकाला करार (तुमचे पैसे मुखत्यार म्हणून गुंतवण्याचा करार) व्याजाचाच असल्यामुळे तो आमच्या अधिकाराबाहेरचा ठरतो. तो करार त्याच कंपनीच्या शरिया मंडळाने आधी मंजूर केलेला होता! तरीही लंडनच्या न्यायालयाने हा बचाव सुनावणीयोग्य मानला, मूळ रक्कम मात्र देण्याचा आदेश केला. २०१७ मध्ये शारजाच्या दाना गॅस कंपनीने ७० कोटी डॉलरच्या सुकूकची, म्हणजे शरियतला धरून काढलेल्या रोख्यांची, मुदत संपत आली असताना जाहीर केले की ते आता संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्याने बेकायदा ठरतात. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्ती लेगॅट यांनी निर्णय दिला की इंग्लंडच्या कायद्याखालचे खरेदीचे हमीपत्र स्वतंत्र आहे आणि ते पाळावेच लागेल. पुढच्या वर्षी कंपनीने गुंतवणूकदारांशी तडजोड केली.

या प्रकरणांवरून मी असा निष्कर्ष काढतो की धर्म आणि धर्मनिरपेक्ष कायदा यांचा मेळ न्यायालयात घातला जात नाही. तो सहीच्या आधी घालायचा असतो. सही झाल्यावर न्यायाधीश फक्त कागद वाचतो. २००२ च्या सिम्फनी जेम्स प्रकरणात तर शरियतच्या जाणकारांची साक्ष होती की हा मुराबहाच नव्हे, कारण माल ताब्यात आला नाही तरी पैसे द्यावे लागतील असे करारात म्हटले होते. न्यायाधीशांनी ते ऐकून घेतले आणि करारात लिहिल्याप्रमाणे पैसे द्यायला लावले.

आता दुसरा प्रश्न: कर्ज की भागीदारी? या विषयातला खरा पेच इथे आहे. तुमच्या करारनाम्याला दोन वाचक आहेत. मुफ्ती तो वाचतात आणि हे कर्ज नाही याची खात्री पटली तरच मान्यता देतात. नियामक आणि करखाते तो वाचतात आणि हे जवळजवळ कर्जासारखेच आहे असे दिसले तरच त्याला कर्जासारखी सवलत देतात. एकाच दस्तातून दोघांना परस्परविरुद्ध वाटणारी उत्तरे मिळायला हवीत, आणि दोन्ही उत्तरे खरी हवीत.

अमेरिकेत हे फार उघडपणे घडले. तिथे राष्ट्रीय बँकांना सर्वसाधारणपणे स्थावर मालमत्तेत व्यवहार करता येत नाही. युनायटेड बँक ऑफ कुवेतच्या न्यूयॉर्क शाखेने विचारणा केल्यावर बँकांच्या केंद्रीय नियामकाने १९९७ मध्ये इजारा आणि १९९९ मध्ये मुराबहा पद्धतीच्या घरखरेदीला मान्यता दिली, आणि कारण काय दिले? आर्थिक आशयाने पाहता हे तारणी कर्जच आहे. बँक क्षणभर मालक होते ते केवळ रचनेपुरते. बँकेचा कायदेशीर प्रश्न सुटला, पण शंका घेणाऱ्या मुसलमान ग्राहकाच्या हाती तेच वाक्य पडले. ‘बघा, सरकारच म्हणते हे कर्ज आहे.’ (त्याच देशात २०१० मध्ये ओक्लाहोमाच्या मतदारांनी न्यायालयांना शरियत विचारात घेण्यास मनाई करणारी घटनादुरुस्ती संमत केली आणि फेडरल न्यायालयांनी ती रोखली. म्हणजे आशय चालतो, नाव चालत नाही.)

इंग्लंडने दुसरी वाट धरली, आणि मला ती अधिक प्रामाणिक वाटते. अडचण काय होती ते आकड्यांत पाहा. मुराबहात बँक आधी घर विकत घेते आणि मग नफा चढवून ग्राहकाला हप्त्यांवर विकते. त्या काळी अडीच लाखांवरच्या घराला संपूर्ण किमतीवर ३ टक्के मुद्रांक कर होता. म्हणजे ३,००,००० च्या खरेदीवर बँकेने ९,००० भरायचे आणि तेच घर हप्त्यांच्या हिशोबाने ४,२०,००० ला ग्राहकाकडे आले की पुन्हा १२,६००. शेजारी साधे तारणी कर्ज घेणाऱ्याला एकदाच ९,०००. व्याज टाळणाऱ्याला १२,६०० पौंडांचा दंडच म्हणा ना. बँक ऑफ इंग्लंडचे तेव्हाचे गव्हर्नर एडी जॉर्ज यांनी या अडचणींत लक्ष घातले, बार्कलेजचे माजी अध्यक्ष अँड्रयू बक्स्टन यांच्या अध्यक्षतेखाली एक गट बसला, आणि २००३ च्या वित्त अधिनियमाने दुसऱ्यांदा लागणारा कर माफ केला. पुढच्या दोन-तीन वर्षांत ती सवलत घटत्या भागीदारीला, म्हणजे तुमच्यासारख्या व्यवहाराला, आणि कंपन्यांनाही मिळाली.

२००५ च्या वित्त अधिनियमात तर मौज आहे. त्यात इस्लाम, शरियत, मुराबहा यांपैकी एकही शब्द नाही. ‘पर्यायी वित्त व्यवस्था’ असा शब्दप्रयोग करून कायद्याने फक्त यंत्रणेचे वर्णन केले आहे: एकाने वस्तू विकत घेतली, दुसऱ्याला जास्त किमतीला उधार विकली, आणि तो फरक पैशावरच्या परताव्याइतका असेल, तर करापुरता तो व्याजासारखा समजावा. ‘व्याज आहे’ असे कायदा म्हणत नाही. ‘करासाठी तसे समजावे’ एवढेच म्हणतो. या दोन वाक्यांतल्या फरकावर मुफ्ती आणि करखाते दोघेही समाधानी राहू शकतात. तोच कायदा ख्रिस्ती, हिंदू किंवा नास्तिक ग्राहकालाही लागू होतो, त्यामुळे धर्माच्या आधारावर सवलत दिल्याचा आक्षेपही उरत नाही. अशा त्रुटी एकदम संपत नाहीत हेही खरे: भाड्याने दिलेल्या घराचे असे पुनर्वित्त केले तर घर विकल्यासारखे धरून भांडवली नफ्याचा कर लागण्याची अडचण ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पापर्यंत शिल्लक होती.

ठेवींच्या बाबतीतही असाच तोडगा निघाला. इंग्लंडच्या कायद्यात ठेव म्हणजे पूर्ण परत मिळणारी रक्कम. मुदारबा पद्धतीत (पैसा एकाचा, धंदा दुसऱ्याचा) मात्र तोटा झाला तर ठेवीदाराने तो सोसायचा. २००४ मध्ये इस्लामिक बँक ऑफ ब्रिटनला परवाना मिळाला तो या मेळावर की बँक पूर्ण रक्कम देऊ करील आणि ठेवीदाराला धार्मिक कारणाने ती नाकारण्याची मोकळीक राहील. कायद्याचे समाधान पहिल्या अर्ध्या वाक्याने, शास्त्राचे दुसऱ्याने. सरकारी सुकूकबद्दल फार लिहीत नाही. २०१४ मध्ये ब्रिटिश सरकारने सरकारी इमारतींच्या भाड्यावर आधारलेले २० कोटी पौंडांचे आणि २०२१ मध्ये ५० कोटींचे सुकूक काढले, त्याने बाजाराचा विश्वास वाढला, पण तुमच्या घराशी त्याचा संबंध नाही.

तेव्हा तुमच्या व्यवहाराकडे न्यायालय कसे पाहील? इंग्लंडची न्यायालये व्यापारी दस्ताच्या रूपाला मान देतात. दस्त हा निव्वळ देखावा आहे, दोन्ही पक्षांचा इरादा मुळातच वेगळा होता, असे सिद्ध झाले नाही तर विक्री ही विक्री आणि भाडेपट्टा हा भाडेपट्टा राहतो. म्हणून तुमच्या व्यवहारात बँक मालक आहे, तुम्ही भाडेकरू आणि सहहिस्सेदार आहात, आणि याचे बरेवाईट दोन्ही परिणाम तुमच्यावर होतील. ते चार ठिकाणी दिसतात.

पहिले ठिकाण वचनाचे. शरियतप्रमाणे भाडे आणि विक्री एकमेकांना बांधता येत नाहीत, म्हणून बँक तुम्हाला हिस्सा विकण्याचे आणि तुम्ही तो घेण्याचे एकतर्फी वचन देता. याला अरबीत ‘वअद’ म्हणतात. इंग्लंडच्या कायद्यात मोबदल्याशिवाय दिलेले साधे वचन बंधनकारक नसते. म्हणून ते ‘डीड’ (मोबदल्याशिवायही बांधणारा औपचारिक दस्त) म्हणून, साक्षीदारासमोर केलेले असले पाहिजे. मसुद्यातली शेवटची दोन पाने उघडून पाहा: तुमच्या वचनाच्या दस्तावर साक्षीदाराची जागा आहे आणि बँकेच्या वचनावर नाही, असे मी एकदा पाहिले आहे. ग्राहक बांधलेला आणि बँक मोकळी.

दुसरे ठिकाण घर जळाले तर काय, याचे. शरियतप्रमाणे वस्तूचा उपभोगच संपला तर भाडे थांबते, कारण भाडे हा उपभोगाचा मोबदला आहे. इंग्लंडच्या भाडेपट्ट्याच्या कायद्यात, पट्ट्यात वेगळे लिहिले नसेल तर, घर राख झाले तरी भाडे चालू राहू शकते. पट्टा हा जमिनीतला हक्क समजला जातो आणि जमीन जागेवरच असते. भाडे थांबण्याचे वाक्य मसुद्यात असलेच पाहिजे. ‘शरियतच्या अधीन’ हे मोघम कलम इथे तुमच्या काडीच्याही उपयोगाचे नाही. ‘घर राहण्यायोग्य नसेल त्या काळाचे भाडे देय होणार नाही’ हे नऊ शब्द उपयोगाचे आहेत.

तिसरे ठिकाण दुरुस्तीचे आणि विम्याचे. इजारात मोठी दुरुस्ती आणि विमा ही मालकाची जबाबदारी. कोणतीही बँक छपराची कौले बदलायला येणार नाही, म्हणून आणखी एक छोटा करार असतो, ज्यात बँक तुम्हालाच आपला मुखत्यार नेमते: दुरुस्ती तुम्ही करायची, खर्च बँकेच्या नावे टाकायचा, आणि बँक तोच खर्च पूरक भाडे म्हणून तुमच्याकडून वसूल करणार. दोन्ही रकमा एकमेकींत वळत्या होतात आणि कोणाच्याही खिशातून पैसे हलत नाहीत, फक्त तुमच्या. शास्त्राच्या दृष्टीने जबाबदारी मालकाचीच राहिली असे म्हटले जाते. माझ्या मते रचनेतला सर्वांत कमजोर सांधा हाच आहे, आणि मी तो ग्राहकापासून लपवत नाही.

चौथे, उशिराचे आणि वसुलीचे. हप्ता चुकला तर बँक जी जादा रक्कम घेते, तिच्यातून प्रत्यक्ष खर्च वजा करून उरलेली दानधर्माला गेली पाहिजे, आणि तसे मसुद्यात लिहिलेले हवे. पण त्यापुढे एक कोपरा आहे जो लक्षात येत नाही. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने पैशाचा निकाल दिला की १८३८ च्या जजमेंट्स ॲक्टखाली न भरलेल्या रकमेवर वर्षाला ८ टक्के व्याज आपोआप सुरू होते. कायदाच व्याज लावतो! म्हणून नीट केलेल्या करारनाम्यात दोन्ही पक्ष न्यायालयीन व्याजावरचा हक्क सोडून देतात. ते कलम नसेल तर व्याज टाळण्यासाठी केलेला व्यवहार शेवटी व्याजावरच संपेल. वसुलीसाठी घर विकावे लागले, तर उरलेल्या पैशाचे काय हेही पाहा. साध्या तारणात वरची रक्कम कर्जदाराची, हे इंग्लंडच्या समन्यायाने शतकांपूर्वी ठरवले आहे. इथे बँक मालक असल्यामुळे तुमचा हक्क करारातल्या वाटणीच्या कलमावर अवलंबून आहे. अशा घरखरेदी योजना एप्रिल २००७ पासून वित्तीय नियामकाच्या कक्षेत आहेत ही जमेची बाजू. बँकच बुडाली तर म्हणाल, तर सात वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा पट्टा भूमी नोंदणी कार्यालयात नोंदवावाच लागतो, आणि नोंदलेला पट्टा नव्या मालकावरही बंधनकारक असतो.

हे मग व्याजच नाही का, असे तुम्ही थेट विचारलेले नाही, पण प्रश्नाआड ते आहे. हिशोब मांडू. २,२५,००० ÷ ३०० महिने, म्हणजे दरमहा ७५० पौंडांचा हिस्सा तुम्ही घेणार. भाड्याचा दर ५ टक्के धरला तर पहिल्या महिन्यात भाडे ९३७.५० आणि एकूण हप्ता १,६८७.५०. पाच वर्षांनी बँकेचा हिस्सा १,८०,००० वर येईल आणि भाडे ७५० वर. तारणी कर्जाच्या तक्त्याशेजारी हा तक्ता ठेवला तर फार फरक दिसणार नाही, आणि भाड्याचा दरही बहुधा बँक ऑफ इंग्लंडच्या दराला बांधलेला असतो. शिवाय बँकेचा हिस्सा तुम्ही मूळ किमतीलाच घेणार, म्हणजे घराचा भाव वाढला तर फायदा तुमचा आणि पडला तर तोटाही तुमचाच. खऱ्या भागीदारीत असे कसे, असा आक्षेप घेतला जातो. विद्वान उत्तर देतात की ही व्यापारातली भागीदारी नव्हे, केवळ वस्तूची सहमालकी आहे, आणि सहमालक आपला हिस्सा ठरलेल्या किमतीला विकू शकतो.

माझा अनुभव एवढाच सांगतो की फरक तक्त्यात शोधू नये, मालकीच्या जोखमीत शोधावा. ज्या कागदात घर जळाल्यावर भाडे खरोखर थांबते, थकलेल्या भाड्यावर भाडे चढत नाही आणि दंड बँकेच्या नफ्यात जात नाही, त्यात कर्जाहून वेगळे काहीतरी आहे. ज्यात हे काहीच नाही, त्यात फक्त शब्द वेगळे आहेत. वैयक्तिक कर्जासाठी वापरल्या जाणाऱ्या धातूच्या मुराबह्याबद्दल मला तेवढा विश्वास नाही. एका व्यवहारात मी दलालाचे दोन ईमेल पाहिले: ११ वाजून २ मिनिटांनी बँकेने ग्राहकाच्या नावे गोदामातले ॲल्युमिनियम विकत घेतले आणि ११ वाजून ९ मिनिटांनी ते ग्राहकाच्या वतीने विकून पैसे त्याच्या खात्यात टाकले. ग्राहकाला आपण सात मिनिटे ॲल्युमिनियमचे मालक होतो याचा पत्ता नव्हता. इंग्लंडच्या कायद्याने त्या दस्तात काही खोट नाही. पण इस्लामी सहकार्य संघटनेच्या फिकह अकादमीनेच २००९ मध्ये शारजाच्या बैठकीत अशा संघटित तवर्रुकला (रोख पैशासाठी वस्तू घेऊन लगेच विकण्याला) अमान्य ठरवले आहे, आणि मला वाटते त्यांना ती सात मिनिटेच खुपली असावीत.

आता धाकट्या भावाचा प्रश्न. बँकेमार्फत हे आज महाराष्ट्रात करता येणार नाही. १९४९ च्या बँकिंग नियमन अधिनियमाचे ८ वे कलम बँकेला मालाच्या खरेदी-विक्रीचा धंदा करू देत नाही आणि ९ वे कलम स्वतःच्या वापराची नसलेली स्थावर मालमत्ता सात वर्षांपलीकडे ठेवू देत नाही. २५ वर्षे सहमालक राहण्याचा प्रश्नच येत नाही. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, पण २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने माहिती अधिकारातील उत्तरात हा विषय पुढे न नेण्याचा निर्णय कळवला. खाजगीरीत्या दोन खरेदीखते केली तर मुद्रांक शुल्कही दोनदा भरावे लागेल, म्हणजे २००३ पूर्वीचे इंग्लंड. शेअर बाजारात मात्र अडथळा नाही. टाटा एथिकल फंडासारखी शरियतच्या निकषांवर चालणारी योजना मुंबईतूनच चालते.

आपल्याकडे हा मेळ पूर्वी कोणी घातलाच नाही असे मात्र समजू नका. मुंबई इलाख्यातली इंग्रजी न्यायालये हिंदू ऋणकोला दामदुपटीचे संरक्षण देत असत, म्हणजे थकलेले व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नसे. धर्मशास्त्रातला नियम, पण अंमल न्यायालयाचा. आणि व्याजाचा शब्द टाळून केलेली शर्तीची विक्री, आपल्याकडचे गहाण-लहाण आणि उत्तरेकडचे बै-बिल-वफा, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात ५८ व्या कलमाखाली ‘गहाण’ म्हणूनच नोंदले गेले. भारतातली न्यायालये अशा दस्ताच्या आत डोकावतात. इंग्लंडची सहसा डोकावत नाहीत. भावाने कोणा ओळखीच्या माणसाशी असा खाजगी करार करण्यापूर्वी हा फरक ध्यानात घ्यावा.

तुमच्यासाठी आता वेळेचा प्रश्न आहे. सह्या केलेल्या करारांची विक्रेत्याशी अदलाबदल झाली की विक्रेत्याकडे भरलेली १० टक्के अनामत, म्हणजे ३०,००० पौंड, अडकते, आणि त्यानंतर बँक मसुद्यात एक स्वल्पविरामही बदलणार नाही. म्हणून त्याआधी बँकेच्या सॉलिसिटरला तुमच्या सॉलिसिटरमार्फत लेखी विचारा: बँकेचे विक्रीचे वचन डीड म्हणून होणार का, घर राहण्यायोग्य नसताना भाडे थांबणार का, न्यायालयीन व्याजाचा हक्क दोघांनी सोडला आहे का, विक्रीनंतर उरलेली रक्कम कोणत्या प्रमाणात वाटली जाणार, आणि शरिया मंडळाने मान्य केलेला मसुदा हाच की त्यानंतर त्यात बदल झाले. शेवटच्या प्रश्नाला उत्तर म्हणून प्रमाणपत्राची प्रत आली तर तिच्यावरची तारीख मसुद्याच्या तारखेशी ताडून पाहा. विक्रेत्याचा एजंट या काळात रोज फोन करून घाई करील. उत्तर लेखी हाती येईपर्यंत त्याला तारीख देऊ नका.